स्टेपनीचें चाक आणि घराची घाई

मोटारीच्या जादा चाकास आपल्याकडे लहानथोर सर्वच मंडळी ‘स्टेपनी’ म्हणतात. लंडन शहरांत स्टेपनी नांवाचा एक विभाग आहे, त्यावरूनच हा शब्द निघाला असावा, असा तर्क कित्येक सुशिक्षित गृहस्थहि करितात. परंतु तो बरोबर नाहीं. वेल्स देशांत लानेली नांवाचें एक गांव आहे. त्या गांवांतील एका रस्त्याचें नांव स्टेपनी स्ट्रीट. टॉमस मॉरिस डेव्हिस या गृहस्थानें आपल्या भावाच्या साहाय्यानें १९०४ सालीं तेथें एक नवीन तऱ्हेचें चाक तयार करून विक्रीस काढिलें, आणि रस्त्याच्या नांवावरून चाकास नांव पडलें. पुढें खुद्द इंग्लंडांतून तो शब्द जवळजवळ नाहींसा झाला. आपल्याकडे मात्र गॅरेजमधल्या पोऱ्यापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांच्या तोंडीं तो अद्यापि आहे. ब्राझील देशांतील लोक जादा चाकास ‘एस्तेपी’ म्हणतात, तेंहि याच गांवचें देणें होय.

हा शब्दाचा इतिहास आम्ही केवळ गंमत म्हणून सांगत नाहीं. त्या काळच्या मोटारींबरोबर जादा चाक मुळीं येतच नसे. हवा गेली कीं भर रस्त्यांत टायर उचकटून काढावा, आंतल्या नळीस ठिगळ लावावें, टायर पुन्हा चढवावा, हातपंपानें हवा भरावी आणि मग मार्गस्थ व्हावें, असा प्रकार होता. डेव्हिसच्या चाकास आरे नव्हते. हवा भरलेला टायर चढविलेलें तें एक नुसतें कडें असे, आणि तें बसलेल्या चाकाच्या अंगास पकडींनीं आवळून गाडी कशीबशी मुक्कामीं न्यावयाची असे. म्हणजे पहिली स्टेपनी ही मूळचीच वेळ मारून नेण्याची वस्तु. पुढें मोटारींबरोबर पांचवें पूर्ण चाक येऊं लागलें. ज्यांच्या घरीं अँबॅसडर किंवा फियाट गाडी होती त्यांस हें चाक चांगलें आठवत असेल. तें इतर चार चाकांचें सख्खें भावंड असे. चारांपैकीं एखादें झिजलें कीं पांचवें त्याच्या जागीं जाई, आणि कोणतें चाक मूळचें कोणतें याचा पत्ताहि लागत नसे. दोन पिढ्यांची समजूत या चाकावर घडली. आतां गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ मोटारींतून तें पूर्ण चाक गेलें आहे आणि त्याच्या जागीं बारीक, तात्पुरतें चाक आलें आहे. शब्द आपल्या मूळ अर्थाकडे परत गेला. आमच्या घरांतील समजूत मात्र मधल्याच मुक्कामावर राहिली. धोका आहे तो येथें.

बारीक चाक कां आलें, हें थोडक्यांत सांगतों. १९७३ सालच्या तेलटंचाईनंतर अमेरिकेंत मोटारी हलक्या व आटोपशीर करण्याची धडपड सुरू झाली. पांच चाकांपैकीं एक चाक वर्षानुवर्षें नुसतें ओझें म्हणून हिंडतें, तेव्हां तेंच बारीक कां करूं नये, असा विचार निघाला. वजन घटलें, डिकींत जागा झाली, आणि कारखानदाराचे पैसेहि वांचले. यांपैकीं तिसऱ्या कारणाचा उच्चार जाहिरातींत होत नाहीं, पण आमच्या मतें तें कारण कांहीं लहान नव्हे. आपल्याकडे या चाकाचे दोन प्रकार आढळतात. एक उघडउघड हडकुळें, मोटारसायकलीचें चाक चुकून येथें आलें कीं काय असें वाटावें असें. दुसरा प्रकार अधिक फसवा. त्यांत गाडीचीं चार चाकें रुंद व चकचकीत मिश्रधातूचीं असतात, आणि पांचवें साध्या पोलादाचें, रुंदीनें थोडें कमी व व्यासानेंहि किंचित् लहान असतें. एकदां बसविलें कीं दुरून फारसा फरक दिसत नाहीं. दोन्ही प्रकारांवर बहुधा ठळक रंगाची चिठ्ठी चिकटविलेली असते आणि तीवर ८० हा आंकडा छापलेला असतो. ताशी ८० किलोमीटर ही त्या चाकाची वेगमर्यादा.

ही चिठ्ठी वाचणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. मानणारे थोडे पाहिले. याचें कारण असें कीं, बारीक चाकावर गाडी ताशी शंभराच्या वेगानें नेली असतां सरळ, कोरड्या रस्त्यावर बहुधा कांहींच होत नाहीं. गाडी किंचित् एका अंगास ओढते, थोडा आवाज वाढतो, पांच-दहा किलोमीटरांत त्याची संवय होते, आणि मग चालविणारास वाटतें कीं, कारखानदार उगीच घाबरवितात. ‘कांहीं झालें नाहीं’ हा अनुभव या बाबतींत अत्यंत अविश्वसनीय साक्षीदार आहे. चाकाची उणीव सरळ जातांना दिसत नाहीं. ती थांबतांना, वळतांना आणि पाऊस लागला म्हणजे दिसते, आणि त्या वेळीं शिकण्यास अवकाश नसतो.

ही उणीव कोणती तें पाहूं. रुंद टायर २०५ मिलिमीटरांचा असेल तर त्याच्या जागीं बसणारें तात्पुरतें चाक पुष्कळदां १२५ मिलिमीटरांचेंच असतें. मोटारीचें सगळें वजन, वळण आणि थांबणें हें टायर जेवढ्या भागानें रस्त्यास टेकतो तेवढ्या तळहाताएवढ्या जागेवर अवलंबून असतें. एका कोपऱ्यावरची ही जागा अरुंद झाली कीं चारी कोपऱ्यांची पकड सारखी राहत नाहीं. ब्रेक जोरानें दाबला असतां तीन चाकें गाडीस धरून ठेवतात, चौथें निसटूं पाहतें, आणि गाडी तिरकी होण्याकडे कलते. शिवाय या टायरवरील खांचा मूळच्याच उथळ असतात. खांचांचें काम पावसाचें पाणी बाजूस सारण्याचें. तें काम झालें नाहीं तर टायर आणि रस्ता यांच्यामध्यें पाण्याचा पडदा येतो व चाक तरंगूं लागतें. आषाढ-श्रावणांत घाटांतून जाणाऱ्यांस याहून अधिक सांगणें नलगे.

दुसरी गोष्ट व्यासाची. नेहमींच्या चाकाचा व्यास ६३ सेंटिमीटर आणि बारीक चाकाचा ५८ सेंटिमीटर धरला, तर एक किलोमीटर जाण्यास मोठें चाक सुमारें ५०५ फेरे घेतें आणि लहान चाक सुमारें ५४९. दर किलोमीटरला ४४ फेऱ्यांची तफावत. ज्या दोन चाकांस इंजिनाचा जोर मिळतो त्यांच्यामध्यें डिफरन्शियल नांवाची दांतेरी चाकांची पेटी असते. गाडी वळतांना बाहेरच्या अंगाच्या चाकास अधिक अंतर कापावें लागतें. तेवढ्यापुरतें या पेटीचें काम. सरळ रस्त्यावर तिच्या आंतल्या लहान चाकांना विश्रांति असते. एका बाजूस लहान चाक बसलें कीं ती विश्रांति संपली. रस्ता कितीहि सरळ असो, गाडी अखंड वळतेच आहे असें त्या पेटीस वाटत राहतें, आणि वेग जितका अधिक तितकी ती अधिक तापते. एबीएस म्हणून जी ब्रेकची यंत्रणा हल्लींच्या गाड्यांत असते तीहि चाकांच्या फिरण्याच्या गतीवरूनच आपला हिशेब करिते. एक चाक निराळेंच उत्तर देऊं लागलें तर तो हिशेब बिघडण्याचा संभव असतो.

म्हणूनच अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेंत असा सल्ला आढळतो कीं, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांस मिळत असेल आणि पंक्चरहि पुढच्याच चाकास झालें असेल, तर मागचें एक चांगलें चाक काढून पुढें बसवावें व बारीक चाक मागें घालावें. हें दुप्पट काम आहे, आणि भर उन्हांत रस्त्याच्या कडेला तें कोणास करावेंसें वाटणार नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि घाट पुढें असेल तर तें अवश्य करावें. अर्थात् गाडी उभी करण्यास सुरक्षित जागा असेल तरच. द्रुतगति मार्गाच्या कडेला चाकांची अदलाबदल करीत बसणें हा बारीक चाकाहूनहि मोठा धोका होय.

आतां ८० या आंकड्याविषयीं. ताशी ८१ झाले कीं चाक फुटतें असा याचा अर्थ नव्हे. टायर जेथें जमिनीस टेकतो तेथें दबतो, आणि वर गेला कीं पूर्ववत् होतो. प्रत्येक दबण्यांत थोडी उष्णता निर्माण होते. वर सांगितलेलें लहान चाक ताशी ८० च्या वेगास सेकंदाला सुमारें १२ वेळां फिरतें, १२० च्या वेगास १८ वेळां. उष्णता बाहेर पडण्यास वेळ मिळत नाहीं. रबर आणि आंतले धागे यांची जोडणी सैल पडूं लागते. हवा कमी असेल तर हें सर्व अधिक लवकर घडतें. पण उष्णतेपेक्षांहि थांबण्याचा हिशेब आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. ८० वरून १२० वर गेल्यानें वेग दीडपट होतो, परंतु गाडी थांबविण्यासाठीं जी ऊर्जा ब्रेकांनीं व टायरांनीं गिळावयाची असते ती सव्वादोनपट होते. समोर कांहीं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असें धरलें, तर तेवढ्यांतच ८० च्या वेगानें २२ मीटर आणि १२० च्या वेगानें ३३ मीटर अंतर कापलें जातें. पूर्ण चाकांवरहि हा हिशेब असाच आहे. बारीक चाकावर तो एका लंगड्या पायानें पुरा करावयाचा असतो.

आणि ८० ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. कोरडा, सरळ, मोकळा रस्ता असेल तर ८० पर्यंत. पाऊस असेल, घाट असेल, गाडींत सात माणसें व मागें लाडवांचे डबे असतील, तर त्याहून पुष्कळ कमी. ही गोष्ट चिठ्ठीवर छापलेली नसते.

आमच्या परिचयाच्या एका पुणेकर कुटुंबांत श्रावणांतील एका मंगळवारीं जें घडलें तें येथें सांगण्यास त्या मंडळींची हरकत नाहीं. चार भावांचें एकत्र घर, दोन मोटारी, आणि किल्ल्या दाराजवळच्या खुंटीवर. ज्यास लागेल त्यानें न्यावी. रविवारीं संध्याकाळीं थोरल्या बंधूंच्या गाडीचा पुढचा डावा टायर फुटपाथच्या धारदार कडेनें बाजूनें फाटला. बाजूनें फाटलेल्या टायरास ठिगळ चालत नाहीं. दुकानदारानें नवा टायर मागविला. तो बुधवारीं येणार होता. तोंपर्यंत डिकींतलें बारीक चाक चढवून बंधु घरीं आले. त्यांनीं ही हकीकत आपल्या पत्नीस सांगितली, जेवतांना धाकट्या भावासहि सांगितली. पुतण्या त्या वेळीं घरीं नव्हता. मंगळवारीं पहांटे चार वाजतां त्यानेंच खुंटीवरची किल्ली घेतली. चिपळूणजवळच्या एका गांवीं घरांतल्या नव्या लग्न झालेल्या मुलीची पहिली मंगळागौर होती. अंधारांत सामान भरलें, आजी, दोन काकू आणि एक चुलत बहीण गाडींत बसल्या, आणि गाडी निघाली. पुढच्या फलकावर हवेच्या दाबाचा पिवळा दिवा लागला होता. पावसाळ्यांत तो असाच लागतो, असें म्हणून कोणी त्याकडे लक्ष दिलें नाहीं.

साताऱ्यापर्यंत महामार्गावर गाडी ताशी शंभराच्या आसपास गेली. कांहींहि झालें नाहीं. उंब्रजहून पाटणच्या रस्त्यास लागेपर्यंत उजाडलें होतें, पण पाऊस असा कीं चहासाठींहि कोणी खालीं उतरलें नाहीं. नाहींतर कोणाच्या तरी दृष्टीस तें चाक पडलें असतें. कोयनानगरच्या पुढें पावसानें जोर धरला. चिपळुणाहून फोन येत होते. मागून धाकट्या काकू म्हणाल्या, “अरे, जरा लवकर घे रे. पूजा आटोपल्यावर पोंचून काय करायचंय?” कुंभार्ली घाटांत उतरतांना एका उजव्या वळणावर पुतण्यानें ब्रेक लावला, चाक वळविलें, आणि गाडी वळलीच नाहीं. ती सरळ डावीकडच्या गटारांत जाऊन खडकावर आदळली. त्या वळणास डावीकडे डोंगर होता. त्याच घाटांत इतर कित्येक वळणांवर डावीकडे दरी आहे. आजींच्या गळ्याचें हाड मोडलें व मनगट निखळलें. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं हाडें जुळण्यास किती दिवस लागतात, हें वाचकांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. त्या आतां बऱ्या आहेत, परंतु उजव्या हातानें वात वळणें त्यांस पूर्वीसारखें जमत नाहीं. पुतण्या सज्जन व सावध मुलगा आहे. घाटांत आपला वेग पन्नासापलीकडे नव्हता असें तो शपथेवर सांगतो, आणि आमचा त्यावर विश्वास आहे.

या हकीकतींत आम्हांस कोणी एक अपराधी सांपडत नाहीं. थोरल्या बंधूंनीं चाक बदलल्याचें लपविलें नव्हतें. दोघांना सांगितलें होतें. ज्या घरांत दहा माणसें असतात तेथें ‘सांगितलें’ आणि ‘कळलें’ यांच्यामध्यें एक मोठें माजघर असतें. स्वयंपाकघरांत सांगितलेली गोष्ट ओटीवर पोंचत नाहीं. विभक्त कुटुंबांत ज्यानें चाक बदललें तोच दुसऱ्या दिवशीं गाडी चालवितो; आपल्या घरांत गाडी एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते आणि चाकाची आठवण पहिल्याच हातांत राहते. यास उपाय अगदीं साधा आहे. बारीक चाक चढविलें त्याच दिवशीं किल्लीच्या कडीस एक तांबडी चिंधी बांधावी आणि तें चाक निघेपर्यंत ती सोडूं नये. किल्ली जो हातीं घेईल त्यास विचारावेंच लागेल कीं ही चिंधी कसली. आमच्या ओळखीच्या वरील घरांत आतां तशी चाल पडली आहे. बाहेरगांवीं निघण्यापूर्वीं गाडीभोंवतीं एक प्रदक्षिणा घालण्याची संवयहि तितकीच चांगली. मुलांस ती लावली तर तीं मोठ्या हौसेनें करितात.

आतां घाईविषयीं. वेगाचा सगळा दोष आपण स्टिअरिंगवर बसलेल्या तरुणावर टाकतों. वस्तुतः पुष्कळदां घाई मागच्या आसनावरून येते, आणि ती वडील मंडळींची असल्यामुळें तिला ‘नाहीं’ म्हणणें मुलांस जड जातें. मुहूर्त, आरती, पंगत, कार्यालयाची वेळ, हीं कारणें खोटीं नव्हेत. पण हिशेब करून पाहावा. समजा, अजून १०० किलोमीटर जावयाचें आहे. ताशी ८० च्या वेगानें त्यास ७५ मिनिटें लागतील, ताशी ११० च्या वेगानें सुमारें ५५. म्हणजे चिठ्ठी न मानल्यानें मिळतात तीं वीस मिनिटें. ट्यूबलेस टायरमध्यें खिळा गेला असेल तर हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्यास तो काढून भोंक बुजविण्यास साधारण तेवढाच वेळ लागतो. तीं वीस मिनिटें तेथें खर्चिलीं कीं चांगलें चाक पुन्हा जागेवर येतें आणि पुढचा प्रवास नेहमींच्या वेगानें होतो. बारीक चाक हें पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यासाठीं दिलेलें आहे, मंगलकार्यापर्यंत जाण्यासाठीं नव्हे. तें चढविल्या क्षणीं प्रवासाचें ठिकाण बदललें असें समजावें, आणि फोन करून पुढें तसें कळवावें. अंतराची मर्यादाहि पुष्कळ कारखानदार ८० किलोमीटरांच्या जवळपास घालतात. आपल्या गाडीची मर्यादा माहितीपुस्तिकेंत पाहून ठेवावी.

अलीकडच्या नव्या रस्त्यांनीं हा मोह वाढविला आहे, हें खरें. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं संपूर्ण खुला झाला. त्याच्या सपाट भागांत मोटारीस ताशी १०० ची मुभा आहे. नागपूर ते मुंबई समृद्धि महामार्गाचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्यें आणि शेवटचा जून २०२५ मध्यें खुला होऊन तो ७०१ किलोमीटरांचा झाला. तेथें सपाटीवर १२० पर्यंत जातां येतें. अशा रस्त्यावर ८० नें जाणें म्हणजे डाव्या अंगानें मालमोटारींच्या मागें मागें जाणें. नवी गाडी घेतलेल्या गृहस्थास हा अपमान वाटतो. वाटो बापडा. त्यानें पुढल्या नाक्यावर खालीं उतरून चाक दुरुस्त करून घ्यावें, म्हणजे अपमान लवकर संपेल. वैशाखांत विदर्भांतील सिमेंटचा रस्ता किती तापतो हें तेथील वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

हवेचा प्रश्न निराळा व अधिक दुर्लक्षित आहे. नेहमींच्या टायरांत ३० ते ३५ पौंड हवा असते. हडकुळ्या तात्पुरत्या चाकांत ६० पौंड भरावी लागते, आणि तो आंकडा टायरच्या अंगावरच उठविलेला असतो. पेट्रोल पंपावरच्या मुलास ‘साठ’ असें सांगितलें तर तो आपल्याकडे संशयानें पाहतो आणि आपल्या मतानें पस्तीस भरून मोकळा होतो. तेव्हां जवळ उभें राहून आंकडा पाहावा. डिकींतल्या डिकींतहि चाकाची हवा हळूहळू जाते. चार चाकांची हवा पाहतांना पांचव्याची पाहण्याची चाल आमच्यांत नाहीं, कारण त्यासाठीं सामान उपसावें लागतें. परिणामीं ज्या रात्रीं तें चाक लागतें त्या रात्रीं तें अर्धपोटीं बाहेर येतें, आणि अर्धपोटीं चाक वेगानें पळविणें हें फुटण्यास आमंत्रण होय. ज्यांच्या गाडीस डिकींत गॅसची टाकी बसविलेली आहे त्यांनीं तर आपली स्टेपनी नेमकी कोठें आहे, आणि टाकी असतां ती बाहेर निघते कीं नाहीं, हें एकदां घरींच करून पाहावें.

कित्येक वाचक म्हणतील कीं, आमच्या गाडींत जादा चाकच नाहीं. तेंहि खरें. केंद्र सरकारनें २०२० सालीं नियम बदलून, चालकासह नऊपर्यंत आसनांच्या ज्या मोटारींस ट्यूबलेस टायर, हवेचा दाब कळविणारी यंत्रणा आणि पंक्चर बुजविण्याचा संच असेल, त्यांस जादा चाक न ठेवण्याची मोकळीक दिली. या संचांत एक चिकट द्रव व लहान पंप असतो. द्रव आंत सोडून हवा भरली कीं लहानसें भोंक बुजतें. बाजूनें फाटलेल्या टायरास त्याचा उपयोग नाहीं. आणि असा बुजविलेला टायरहि साधारणपणें ८० च्या आंतच, जवळच्या दुकानापर्यंत न्यावयाचा असतो. किल्लीस चिंधी बांधण्याचा नियम येथेंहि तसाच लागू करावा. बाहेरून तर या टायरांत कांहींच फरक दिसत नाहीं.

शेवटीं एक छोटें काम सुचवितों. येत्या रविवारीं डिकी उघडून स्टेपनीचा टायर बाहेर काढावा आणि त्याच्या अंगावर ‘डीओटी’ या अक्षरांच्या ओळीचा शेवट पाहावा. तेथें चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१५ असें असेल तर तो टायर २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. रबर न वापरतांहि जुनें होतें, आणि तयार झाल्यापासून दहा वर्षांनंतर टायर, मग तो स्टेपनीचा कां असेना, बदलावा, असा टायर करणाऱ्या मोठ्या कारखान्यांचा सल्ला आहे. एका स्नेह्यांनीं आमच्या सांगण्यावरून पाहिलें, तों त्यांचा कोराकरकरीत दिसणारा टायर त्यांच्या कॉलेजांत जाणाऱ्या नातवाच्या बरोबरीचा निघाला. चाकाच्या खालीं, तीन वर्षांपूर्वीं हरवलेली घंगाळाची एक कडीहि सांपडली, असें त्यांच्या सौभाग्यवतींनीं कळविलें आहे.